सव्वासात कोटी डॉलर्सचा करार, तरी मायनर लीग का?

प्रश्न असा आहे: क्युबाचा बेसबॉलपटू रुस्नी कास्तियो याने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीग या सर्वोच्च लीगमधल्या बॉस्टन रेड सॉक्स या क्लबशी सात वर्षांसाठी सव्वासात कोटी डॉलर्सचा करार केला, पण त्यातली बहुतेक वर्षं त्याने मायनर लीगमध्येच, म्हणजे मेजर लीगखालच्या लीगमध्येच, काढली. एवढा पैसा ओतलेला खेळाडू खालच्या लीगमध्ये का ठेवतात? आणि क्युबाहून आलेल्या खेळाडूचं मायनर लीगमधलं करिअर एरवी चालतं तरी कसं?

मी अमेरिकेत मायनर लीगच्या संघांबरोबर फिजिओ म्हणून बराच काळ काम केलं आहे. क्युबाच्या खेळाडूंचे खांदे, मांड्या, मनगटं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की या खेळाडूंचं तिथलं भवितव्य जितकं बॅटवर ठरतं, तितकंच कागदांवर ठरतं. सही केली तेव्हा वय किती होतं, करार कुठल्या प्रकारचा होता, नाव कुठल्या यादीत आहे, आणि सहीच्या आधी किती महिने तो एकही सामना न खेळता बसून होता, हे आधी बघायचं. धावा आणि सरासरी नंतर.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला मायनर लीग म्हणजे रणजी वाटते. मुंबईचा संघ रणजी जिंकण्यासाठी खेळतो. मायनर लीगचा संघ वरच्या क्लबला खेळाडू तयार करून देण्यासाठी खेळतो. संघाचा मालक स्थानिक असू शकतो, पण खेळाडू, कोच आणि माझ्यासारखे फिजिओ वरच्या क्लबचे नोकर असतात. आज सेंटर फील्डमध्ये कोण उभा राहणार, पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) किती चेंडूंनंतर काढायचं, हे वरून ठरून येतं. सध्या प्रत्येक मेजर लीग क्लबच्या हाताखाली खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए असे चार संघ आहेत, म्हणजे एकूण १२०. त्यांच्याखाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या सराव केंद्रांवरची लीग आणि डोमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. २०२१ च्या फेररचनेआधी संघ १६० होते.

ही सगळी शिडी सतरा-अठरा वर्षांच्या पोरांसाठी बांधलेली आहे. क्युबातून आलेला नावाजलेला खेळाडू मात्र बऱ्याचदा २५-२७ वर्षांचा, घडलेला, लग्न झालेला माणूस असतो. क्रांतीनंतर १९६१ मध्ये क्युबाने व्यावसायिक खेळ बंद केला आणि १९६२ पासून सेरी नासिओनाल ही सरकारी स्पर्धा सुरू झाली. खेळाडू आपल्या प्रांताकडून खेळतो आणि सरकारी पगार घेतो. तिथे तो हजारो लोकांसमोर खेळलेला असतो. इथे आल्यावर त्याला कोणी तरी फ्लोरिडाच्या मागच्या मैदानावर भर दुपारी उभं करतं, जिथे प्रेक्षक म्हणजे चेंडूचा वेग मोजणारी रडार गन घेतलेले चार लोक.

कास्तियो सिएगो दे आविला प्रांताचा. त्यांचा संघ २०१२ मध्ये पहिल्यांदा सेरी नासिओनाल जिंकला, त्यात तो होता. २०१३ च्या शेवटी त्याने देश सोडला. क्युबन खेळाडू थेट अमेरिकेत उतरला तर त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या पद्धतीत, जावं लागतं. तिसऱ्या देशात रहिवास दाखवला, अमेरिकेच्या अर्थखात्याच्या निर्बंधांतून मोकळीक मिळाली, की तो मुक्तपणे कुठल्याही क्लबशी बोलू शकतो. त्यात महिने जातात. शिवाय त्या काळच्या नियमाप्रमाणे २३ वर्षं पूर्ण झालेल्या आणि क्युबात पाच हंगाम खेळलेल्या खेळाडूवर सहीच्या बोनसची मर्यादा लागू नव्हती. कास्तियो २७ चा होता. ऑगस्ट २०१४ मध्ये सही झाली तेव्हा कुठल्याही क्युबन खेळाडूचा तो सर्वांत मोठा करार होता. क्युबाच्याच होसे अब्रेऊचा ६ कोटी ८० लाखांचा विक्रम त्याने मोडला.

सुरुवात झकास झाली. सराव केंद्रावरची लीग, मग डबल-एचा पोर्टलंड, मग ट्रिपल-एच्या पॉटकेट संघाबरोबर थेट अंतिम फेरी. पॉटकेटने त्या वर्षीचा गव्हर्नर्स कप, म्हणजे आपल्या लीगचं विजेतेपद, जिंकला आणि १७ सप्टेंबरला कास्तियो मेजर लीगमध्ये उतरला. दहा सामन्यांत सरासरी ०.३३३, म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींमागे ३३३ यशस्वी फटके. पुढच्या वर्षी ८० सामने, सरासरी ०.२५३. २०१६ मध्ये फक्त नऊ सामने. जून २०१६ मध्ये त्याला चाळीस जणांच्या यादीतून काढलं. मेजर लीगमधली त्याची कारकीर्द ९९ सामन्यांवर थांबली.

ही चाळीस जणांची यादी म्हणजे सगळ्या प्रश्नाची किल्ली. मेजर लीगमध्ये खेळायचं तर नाव त्या यादीत हवं. यादीतून काढताना खेळाडू आधी इतर सगळ्या क्लबांसमोर ठेवला जातो. कोणीही त्याला उचलू शकतो, पण उरलेला सगळा करार त्या क्लबला घ्यावा लागतो. कास्तियोचा करार २०२० पर्यंत होता. कोणी उचलला नाही. मग तो यादीबाहेर, पण पूर्ण पगारावर, पॉटकेटला आला.

आता लक्झरी टॅक्स. क्लबचा एकूण पगारखर्च ठरलेल्या रेषेवर गेला की वरच्या रकमेवर लीगला कर द्यावा लागतो. २०१८ मध्ये ती रेषा १९ कोटी ७० लाख डॉलर्सची होती. हिशोबात कराराची वार्षिक सरासरी धरतात, म्हणजे कास्तियोच्या बाबतीत १ कोटी ३ लाखांहून थोडी जास्त. यादीबाहेर असल्यामुळे ही रक्कम बॉस्टनच्या हिशोबात येत नव्हती. त्याला एका दिवसासाठी जरी वर बोलावलं असतं, तरी ती परत हिशोबात येऊन बसली असती. रेषेच्या वर असलेल्या क्लबला एक राखीव आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) त्या भावात परवडत नाही. त्यातून बॉस्टनकडे तेव्हा बेनिंटेंडी, ब्रॅडली ज्युनियर आणि मुकी बेट्स हे तिघं आउटफिल्डमध्ये होते. २०१८ मध्ये त्या संघाने १०८ सामने आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली.

आणि कास्तियो? २०१७ मध्ये पॉटकेटला सरासरी ०.३१४, २०१८ मध्ये ०.३१९. हे फॉर्म गेलेल्या खेळाडूचे आकडे नाहीत. फिजिओच्या नजरेने सांगतो, पॉटकेट ज्या रोड आयलंड राज्यात आहे तिथल्या एप्रिलमधल्या थंडीत बोटं बधिर होतात, चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागला की तळहातापासून कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. आपण इथून वर जाणार नाही हे स्पष्ट दिसत असताना त्या थंडीत रोज मैदानात उतरायचं आणि ०.३१९ मारायचे, याला मी फार मोठी गोष्ट मानतो. त्याला पैसा मिळाला, पुष्कळ मिळाला, हे खरंच. पण ३० ते ३२ ही आउटफिल्डरची उरलीसुरली चांगली वर्षं असतात आणि ती त्याची हिशोबाच्या एका रकान्यात गेली. क्लबने नियमाबाहेर काही केलं नाही. नियमच असा होता. २०२० मध्ये साथीमुळे मायनर लीगचा हंगामच झाला नाही, करार संपला, आणि २०२१ मध्ये तो जपानमध्ये राकुतेन या संघाकडून खेळायला गेला.

ड्रेसिंग रूममध्ये याचा परिणाम कसा होतो तेही सांगायला हवं. २०२१ च्या आधी ट्रिपल-एच्या खेळाडूचा किमान पगार आठवड्याला ५०२ डॉलर्स होता, डबल-एचा ३५०, आणि तोही हंगामापुरताच. एकाच बाकावर वर्षाला कोटभर डॉलर्स घेणारा माणूस आणि चौघांत एक फ्लॅट घेऊन जमिनीवर गादी टाकून झोपणारा पोरगा शेजारी बसतात. मी पाहिलेले क्युबन खेळाडू अशा वेळी हात मोकळा सोडणारे होते. सामन्यानंतरचं जेवण बरं नसेल तर सगळ्यांसाठी बाहेरून भात, काळे घेवडे आणि डुकराचं मटण मागवायचे. पोरं त्यांच्याकडे मोठ्या भावासारखी बघायची.

कास्तियोच्या सहीनंतर सात महिन्यांत, मार्च २०१५ मध्ये, त्याच बॉस्टनने योआन मोन्कादा या दुसऱ्या क्युबन खेळाडूला घेतलं. तो १९ वर्षांचा. वयामुळे बोनसची मर्यादा त्याला लागू होती, म्हणून ३ कोटी १५ लाखांच्या बोनसवर तेवढाच दंड क्लबने भरला. पण करार मायनर लीगचा होता, त्यामुळे चाळीस जणांच्या यादीत लगेच जागा अडली नाही, शिकायला वेळ मिळाला. ग्रीनव्हिल, सेलम, पोर्टलंड अशा पायऱ्या तो चढला. जून २०१६ मध्ये कास्तियो यादीतून गेला आणि पुढच्याच महिन्यात मोन्कादा होतकरू खेळाडूंच्या फ्यूचर्स गेममध्ये सर्वोत्तम ठरला. डिसेंबरमध्ये बॉस्टनने क्रिस सेलसारखा पिचर मिळवला तो मोन्कादाला देऊन. क्लब एकच, दोघांची गुणवत्ता वादातीत, पण वय आणि कराराचा प्रकार निराळा, म्हणून वाटाही निराळ्या.

सिएगो दे आविलाचाच आदोलिस गार्सिया घ्या. २०१५-१६ मध्ये तो सेरी नासिओनालचा सर्वोत्तम खेळाडू होता. २०१६ मध्ये सरकारी परवानगीने जपानला खेळायला गेला आणि परतीच्या वाटेवर फ्रान्समध्ये विमान बदलताना निसटला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने २५ लाख डॉलर्सला घेतला. ट्रिपल-एच्या मेम्फिसला २०१९ मध्ये त्याने ३२ होम रन (सिक्सरसारखे मैदानाबाहेरचे फटके) मारले, पण १५० हून जास्त वेळा स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात न मारताच बाद) झाला. डिसेंबरमध्ये कोरियन पिचरसाठी जागा करायला कार्डिनल्सने त्याला यादीतून काढलं आणि टेक्सास रेंजर्सला रोख पैशात विकलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासनेही यादीतून काढलं. त्या वेळी उरलेल्या एकोणतीस क्लबांपैकी कोणीही त्याला जवळपास फुकटात घेऊ शकत होतं. कोणी घेतलं नाही. एप्रिलमध्ये दुखापतींमुळे वर जागा झाली आणि त्याने त्या वर्षी ३१ होम रन ठोकले. २०२३ मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत १५ धावा आणून तो मालिकावीर झाला.

कास्तियोला वर बोलवायला कोटभर हिशोबात येत होते, गार्सियाला किमान पगार पुरत होता. दुसऱ्याला संधी मिळण्याचं हे एक मोठं कारण आहे असं माझं मत आहे. महाग करार खेळाडूला श्रीमंत करतो आणि त्याच वेळी त्याचे पाय बांधतो. २०१६ मध्ये ॲरिझोनासाठी ३१ होम रन मारणारा यास्मानी तोमास, ६ कोटी ८५ लाखांचा करार असूनही २०१८ पासून असाच ट्रिपल-ए रेनोमध्ये जाऊन बसला.

शरीराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या लेखांत ते फारसं येत नाही. क्युबातून निघणं, तिसऱ्या देशात थांबणं, परवानगी, व्हिसा, यात आठ-दहा महिने ते दीड वर्ष सहज जातं. या काळात तो जिममध्ये जातो, जाळीत फलंदाजी करतो, स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या लोकांसमोर साठ यार्ड धावून दाखवतो. वजन वाढतं, दंड फुगतात, दिसायला तो जबरदस्त दिसतो. पण रोज सामना खेळण्याची सवय मोडलेली असते. मायनर लीगमध्ये आठवड्यातून सहा दिवस सामने असतात. पहिल्या सहा आठवड्यांत मांडीचा मागचा स्नायू किंवा बरगडीखालचा तिरका स्नायू ओढला जाणं हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की क्युबन खेळाडू आला की पहिला महिना त्याला सलग खेळवू नका, असं मी आधीच लिहून देत असे. दरवेळी ऐकलं जात नसे. ज्याच्यावर एवढा खर्च झालाय तो बाकावर बसलेला वरच्यांना बघवत नाही. मग स्नायू फाटतो, दोन महिने जातात, आणि अहवालात ओळ येते की हा वारंवार दुखापतग्रस्त होतो. ती ओळ पुढे वर्षानुवर्षं त्याचा पाठलाग करते.

पिचरचं आणखी वेगळं. त्यांच्या जुन्या वैद्यकीय नोंदी हातात येतच नाहीत. एका मुलाचा खांदा तपासताना मी दुभाष्यामार्फत विचारलं, एका सामन्यात किती चेंडू टाकायचास? तो म्हणाला, सामना संपेपर्यंत. हे तो अभिमानाने सांगत होता, आणि अभिमान वाटावा असंच ते होतं. पण मला त्याच्या खांद्याच्या मागच्या बाजूला बोट लावलं की त्याची हनुवटी आक्रसते हे दिसत होतं. त्याला वाटत होतं, दुखतंय म्हटलं तर घरी पाठवतील, आणि घरी जायची तर सोयच नव्हती. विश्वास बसून तो खरं बोलायला लागेपर्यंत अर्धा हंगाम गेला. दुभाषा हाही तेव्हा प्रश्नच होता. मेजर लीगने प्रत्येक क्लबला पूर्णवेळ स्पॅनिश दुभाषे सक्तीचे केले तेच मुळी २०१६ मध्ये. खालच्या संघांत हे काम एखादा पोर्तो रिकन कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) करायचा.

खाणंही इथेच येतं. क्युबन पिचर लिवान हेर्नांदेस १९९६ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सकडे आला तेव्हा अमेरिकन बर्गरने त्याचं वजन भलतंच वाढलं आणि ट्रिपल-एमधून त्याला डबल-एमध्ये पाठवावं लागलं. पुढच्याच वर्षी तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रेशनवर वाढलेल्या एकवीस वर्षांच्या पोराच्या खिशात अचानक पैसे आले आणि शेजारी कोणी मोठं माणूस नाही, तर दुसरं काय होणार? त्याला दोष देणारे लेख मी वाचले आहेत. मला त्याची काळजी घ्यायला कोणी नव्हतं याचा राग येतो.

घर तुटणं ही सर्वांत मोठी गोष्ट. देश सोडून गेलेल्या खेळाडूला क्युबा वर्षानुवर्षं परत येऊ देत नसे. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने आपल्याकडचे रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू मायनर लीगसाठी घेतले होते (हे रिंकू सिंह म्हणजे क्रिकेटपटू नव्हेत). भाषा आणि खेळ दोन्ही नवे, पण हंगाम संपला की घरी जाता येत होतं. क्युबन मुलाला ते नव्हतं. २०१५ मध्ये क्युबातल्या बागांमध्ये सरकारी वायफाय सुरू झालं, मोबाइलवर इंटरनेट यायला डिसेंबर २०१८ उजाडलं. मधल्या काळात आई बागेत येऊन थांबायची आणि इकडे पोरगा बसच्या मागच्या सीटवर सिग्नल शोधत असायचा. त्या फोननंतर त्याला झोप लागली की नाही, हे दुसऱ्या दिवशी स्नायूंना हात लावला की मला कळायचं.

हे सगळं नवं नाही. तोनी पेरेस, तोही सिएगो दे आविलाचा, १९६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावी मायनर लीग खेळायला आला. पुढे रॉकी माउंट, मेकन, सॅन डिएगो. दक्षिणेत तेव्हा काळ्या माणसाला हॉटेलात जेवायला बसू देत नसत. १९६४ मध्ये सॅन डिएगोला तो पॅसिफिक कोस्ट लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि त्याच वर्षी वर गेला. तोनी ओलिवा तर १९६१ मध्ये भावाच्या कागदपत्रांवर आला. खरं नाव पेद्रो, पण जगाला तो तोनी म्हणूनच माहीत आहे. मिनेसोटाने त्याला चाचणीनंतर नापास करून सोडून दिलं. शार्लटच्या संघाचे व्यवस्थापक फिल हाउजर यांनी थांबवून घेतलं, व्हर्जिनियातल्या विथव्हिलला जागा मिळाली आणि तिथे त्याने ०.४१० च्या सरासरीने धुलाई केली. दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. अब्रेऊने तर २०१७ मध्ये मायामीच्या न्यायालयात साक्ष दिली की अमेरिकेला येताना विमानात त्याने खोट्या पासपोर्टचं पान बिअरबरोबर गिळून टाकलं. तो खटला खेळाडूंची तस्करी करून त्यांच्या पगारात मोठा वाटा घेणाऱ्या टोळीचा होता. तेव्हा कराराचा आकडा वाचताना तो सगळा खेळाडूच्या हातात पडला असं धरू नका.

आज चित्र बदललं आहे. आता बोनसच्या मर्यादेतून सुटायला २५ वर्षं वय आणि सहा हंगाम लागतात, आणि त्याखालच्यांसाठी क्लबची रक्कम आधीच ठरलेली असते, दंड भरून ती ओलांडता येत नाही. क्युबाच्या लुइस रोबेर्तला मे २०१७ मध्ये मिळालेला २ कोटी ६० लाखांचा बोनस हा जुन्या नियमातला शेवटचा मोठा बोनस. डिसेंबर २०१८ मध्ये क्युबाचा बेसबॉल महासंघ आणि मेजर लीग यांच्यात खेळाडूंना कायदेशीरपणे येऊ देणारा करार झाला होता. एप्रिल २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने तो रद्द केला. मायनर लीगच्या खेळाडूंची संघटना झाली, २०२३ च्या करारात ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर्स झाला. त्याआधीच, २०२२ पासून, राहायची सोय क्लबकडे आली. जमिनीवरच्या गाद्या गेल्या, हे मला फार बरं वाटतं.

त्यामुळे आता अनेक क्युबन मुलं सतराव्या-अठराव्या वर्षी लहान बोनस घेऊन तळाच्या पायरीवरून सुरुवात करतात. शरीराच्या दृष्टीने मला हीच वाट बरी वाटते. पिनार देल रिओचा आंदी पाहेस साधारण तीन लाख डॉलर्सवर लॉस एंजेलिस डॉजर्सकडे आला. डोमिनिकन लीग, ॲरिझोना, मग हाय-एच्या ग्रेट लेक्सला ३१ होम रन, डबल-एच्या टल्साला २६. २०२३ मध्ये ट्रिपल-एचा एकच सामना खेळला आणि खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. फिजिओला विचाराल तर अशा शस्त्रक्रियेनंतर जोरकस फेक आणि पूर्ण ताकदीचा स्विंग परत मिळवणं हे महिन्यामहिन्यांचं कंटाळवाणं काम असतं. ते त्याने नीट केलं असणार, कारण एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे वर्षभराच्या आत, तो मेजर लीगमध्ये खेळत होता, आणि त्याच वर्षी डॉजर्सने वर्ल्ड सिरीज जिंकली.